लॅपटॉपवर एकच साइट उघडत नाही: फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरच्या वायफायवर लॅपटॉपवर बाकी सगळं नीट चालतं, पण परीक्षेचा फॉर्म भरायची साइट तेवढी उघडत नाही. मोबाईलवर तीच साइट उघडते. क्रोम आणि एज दोन्हीत बघून झालं, राउटर दोनदा बंद-चालू करून झाला. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. आणि फॉर्मची मुदत परवा संपते.

परवा मुदत असेल तर आधी फॉर्म भरून मोकळे व्हा, दुरुस्ती नंतर. मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करा, लॅपटॉप घरच्या वायफायवरून काढून त्याला जोडा आणि साइट उघडून बघा. उघडली तर तिथेच फॉर्म भरा. नाही उघडली तर मोबाईलच्या ब्राउझरमध्ये वरच्या तीन टिंबांत ‘डेस्कटॉप साइट’ असतं, त्यावर टिक करून मोबाईलवरच भरा. फोटो-सही अपलोड करायला थोडा त्रास होईल, पण होतं. हॉटस्पॉटवर काय झालं ते मात्र कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मूळ दुखणं. मी साताऱ्यात सतरा वर्षं लॅपटॉप दुरुस्ती आणि घरोघरची नेटवर्कं बघतोय. ‘साइट उघडत नाही’ म्हणून आलेल्या दहा माणसांना विचारलं की स्क्रीनवर नेमकं काय लिहून येतं, तर आठजण म्हणतात, ‘तेच हो, उघडत नाही म्हणून.’ तुमच्या प्रश्नातही तो मजकूर नाही. क्रोम आणि एजमध्ये मोठ्या अक्षरातल्या वाक्याच्या खाली बारीक करड्या कॅपिटल अक्षरांत एक ओळ असते. निम्मं निदान त्या ओळीत असतं आणि ती कोणी वाचत नाही. मोबाईलने त्याचा फोटो काढा.

साइट उघडते म्हणजे काय होतं, ते थोडक्यात सांगतो. लॅपटॉप आधी नावावरून आकडी पत्ता शोधतो (हे काम करणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात). मग त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवतो. दार उघडलं की समोरचा तोच आहे ना, हे प्रमाणपत्र बघून ठरवतो. मग पान मागतो, आणि आलेलं पान ब्राउझर मांडतो. अडलंय ते यातल्या एकाच ठिकाणी. ते ठिकाण कळायच्या आत राउटर बदलणं किंवा फॉरमॅट मारणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

तुमच्या माहितीतल्या दोन गोष्टी मी जशाच्या तशा मान्य करत नाही. पहिली, ‘मोबाईलवर उघडते’. कुठल्या नेटवर उघडते? बऱ्याच फोनमध्ये वायफाय ढिलं पडलं की फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातो आणि कधीकधी वर वायफायची खूण तशीच दिसत राहते. म्हणून मोबाईल डेटा हाताने बंद करा, फोन फक्त वायफायवर ठेवा आणि साइट पुन्हा उघडून बघा. यात मी स्वतः दोनदा फसलोय. एकदा तर अर्धा दिवस लॅपटॉप उचकत बसलो आणि दोष घरच्या कनेक्शनमध्ये निघाला. दुसरी, ‘दोन ब्राउझरमध्ये बघितलं’. जानेवारी २०२० पासून एज आतून क्रोमियमच आहे, म्हणजे क्रोमच्या आत जे इंजिन आहे तेच. एकाच घरातल्या दोन भावांची साक्ष झाली ही. फायरफॉक्स टाकून बघा. त्याचं इंजिन वेगळं, प्रमाणपत्रांची यादीही स्वतःची.

मोबाईल डेटा बंद करूनही फोनवर साइट उघडली असं धरून पुढे जातो. याचा फायदा मोठा आहे. साइट चालू आहे हे कळलं. तिने तुमच्या घरच्या कनेक्शनला अडवलेलं नाही हेही बहुतेक कळलं, कारण फोन आणि लॅपटॉप एकाच राउटरमागून बाहेर पडतात आणि जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४ वर बाहेरच्या जगाला दोघांचा पत्ता एकच दिसतो. आयपीव्ही६ असेल तर प्रत्येक यंत्राला वेगळा पत्ता मिळतो, म्हणून ‘बहुतेक’ म्हणालो. एकूण दोष लॅपटॉपमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये. आता ती करडी ओळ.

तिथे डीएनएस प्रोब आणि एनएक्सडोमेन असे शब्द असतील तर गाडी पहिल्याच पायरीवर अडलीय, नावावरून पत्ता सापडत नाहीये. आधी स्पेलिंग बघा आणि नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून व न लावून दोन्ही तऱ्हेने टाकून बघा. हसू नका, महिन्यातून एक केस इथेच संपते. मग स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. त्यात इंग्रजीत आयपीकॉन्फिग, एक जागा, स्लॅश आणि त्याला चिकटून फ्लशडीएनएस असं टाइप करून एंटर मारा. लॅपटॉपने लक्षात ठेवलेले जुने पत्ते यामुळे पुसले जातात. साइट नुकतीच दुसऱ्या सर्व्हरवर गेली असेल तर एवढ्यानेच काम होतं.

तरी नाही झालं तर मी पुढची चाचणी करतो, आणि ही मला सगळ्यात आवडते. त्याच खिडकीत एनएसलुकअप आणि पुढे साइटचं नाव. आकडी पत्ता येईल, तो लिहून घ्या. मग पिंग आणि पुढे तेच नाव. पहिल्या ओळीत चौकटी कंसात पत्ता दिसेल, तोही लिहा. पिंगला उत्तर आलं नाही तरी घाबरू नका, पुष्कळ सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. आपल्याला फक्त पत्ता हवाय. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. पिंग मात्र लॅपटॉपला विचारतं, आणि लॅपटॉप आधी स्वतःच्या खिशातली चिठ्ठी बघतो. दोन पत्ते वेगळे आले तर खिसा तपासायचा. मोठ्या साइटींचे अनेक पत्ते असतात, तिथे फरक दिसला म्हणून लगेच सुतावरून स्वर्ग गाठू नका. फॉर्म भरायच्या साइटीला मात्र सहसा एक-दोनच असतात.

ही चिठ्ठी म्हणजे होस्ट्स नावाची फाइल. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टीम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, तिथे ती असते. पुढे एक्सटेन्शन काही नाही. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडण्याआधी अमेरिकेतल्या एका जुन्या नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं अशाच एका फाइलीत असायची. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घ्यायचे. डीएनएस आलं, पण ही फाइल प्रत्येक लॅपटॉपमध्ये राहिली, आणि आजही तिचा शब्द डीएनएसच्या वर चालतो.

तीन-चार वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला. हेडक्लार्क बाई म्हणाल्या, ‘सर, आमची साइट सगळ्या जगाला दिसते, आम्हालाच दिसत नाही.’ जाऊन बघितलं तर खरंच. शेजारच्या टेबलावर दिसते, प्राचार्यांच्या मोबाईलवर दिसते, बाईंच्या लॅपटॉपवर टाइम्ड आउट. एनएसलुकअपचा पत्ता वेगळा, पिंगचा वेगळा. होस्ट्स उघडली. वरच्या हॅशवाल्या (#) ओळी सगळ्यांकडे असतात, लॅपटॉप त्या सोडून देतो. खाली स्क्रोल करत गेलो, कोऱ्या ओळी संपल्या आणि तळाला एकच ओळ: एक आकडी पत्ता, थोडी जागा, कॉलेजचं नाव. दोन वर्षांपूर्वी साइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना, साइट बनवणाऱ्या मुलाने तात्पुरतं बघायला म्हणून ती टाकली होती आणि काढायची विसरला. गंमत पुढे आहे. बाई म्हणाल्या, ‘तरीच! आम्ही नोटीस टाकायचो ती पोरांना दिसायची, आम्हाला दिसायची नाही. मी म्हटलं नेट स्लो असेल.’ म्हणजे कित्येक महिने त्या जुन्या सर्व्हरवरची शिळी साइट बघत होत्या. त्या सर्व्हरचे पैसे भरणं थांबलं, तो बंद झाला, तेव्हा कुठे बिघाड ‘दिसला’. ओळीच्या सुरुवातीला एक हॅश घातलं, फाइल सेव्ह केली, साइट उघडली. चहा यायच्या आत काम झालं.

या केसमध्ये फॉरमॅट मारला असता तरीही साइट उघडली असती, कारण होस्ट्स फाइल कोरी झाली असती. मला फॉरमॅटचा राग आहे तो याचमुळे. तो कधीकधी लागू पडतो, आणि मग दुकानदारालाही वाटतं तेच औषध होतं. बाईंच्या डेस्कटॉपवर सहा वर्षांचे निकाल होते आणि बॅकअप कशाचाही नव्हता.

होस्ट्स बदलायची असेल तर नोटपॅडवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा, नाहीतर सेव्ह होणार नाही. ओळ पुसू नका, पुढे हॅश लावा, म्हणजे परत आणता येते. फुकटात मिळवलेलं, कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर या फाइलीत ओळींची रांगच सापडेल, मग आधी चांगल्या अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन करा.

होस्ट्स स्वच्छ असेल आणि एनएसलुकअपलाच पत्ता मिळत नसेल, तर डीएनएस सर्व्हर बदलून बघायचा. विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये डीएनएस हाताने भरता येतं. मी ८.८.८.८ भरतो, हा गूगलचा, किंवा १.१.१.१, हा क्लाउडफ्लेअरचा. दोन्ही फुकट. लॅपटॉप ऑफिसने दिलेला असेल तर मात्र हात लावू नका. त्यांचा डीएनएस मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, बदललात तर ऑफिसच्या आतल्या साइटी बंद पडतील.

करड्या ओळीच्या जागी ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असं लाल त्रिकोणासह येत असेल तर मामला प्रमाणपत्राचा आहे. पहिलं काम, उजव्या कोपऱ्यातली तारीख आणि वर्ष नीट वाचा. वेळ नाही, तारीख. जुन्या लॅपटॉपमध्ये घड्याळ चालू ठेवायला सीआर२०३२ सारखा छोटा बटणसेल असतो, तो मेला की तारीख मागे पडते. लोकांना वाटतं तारीख चुकली तर सगळ्याच साइटी बंद पडतील. वर्षांचा फरक असेल तर पडतीलच. पण घड्याळ वीस दिवसच मागे असेल तर? प्रत्येक प्रमाणपत्रावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. ज्या साइटीने दहा दिवसांपूर्वी नवं प्रमाणपत्र घेतलंय, ते तुमच्या लॅपटॉपच्या हिशोबाने अजून जन्मालाच आलेलं नाही. बाकीच्यांची जुनी आहेत, ती चालतात. म्हणून एकच साइट अडते आणि माणूस चक्रावतो. मोबाईल वेळ नेटवर्ककडून घेतो, तिथे सगळं ठीक दिसतं. तुमच्या लक्षणांशी हे फार जुळतंय, त्यामुळे पैज लावायची तर मी होस्ट्सआधी यावर लावीन.

तारीख बरोबर असूनही तोच त्रिकोण येत असेल तर अँटिव्हायरसमधलं वेब संरक्षण दहा मिनिटांपुरतं बंद करून बघा. काही अँटिव्हायरस मध्ये बसून प्रत्येक साइटीचं प्रमाणपत्र काढून स्वतःचं पुढे करतात आणि एखादवेळी घोळ घालतात. तपासून झाल्यावर लगेच चालू करा. लॅपटॉप फार जुना असेल तर ते आणखी वेगळं. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं मूळ प्रमाणपत्र, म्हणजे ज्याच्या भरवशावर इतर प्रमाणपत्रं चालतात ते, संपलं आणि एल कॅपिटन ही जुनी आवृत्ती किंवा त्याआधीची असलेल्या मॅकवर त्या दिवसापासून कित्येक साइटी बंद झाल्या. फायरफॉक्समध्ये चालत होत्या. विंडोज ७ वर तर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही. अशा मशीनवर मी तास घालवत नाही, फायरफॉक्स टाकून देतो आणि नव्या लॅपटॉपचं बघा म्हणतो. एक मात्र कधीही करू नका: त्रिकोणाच्या पानावर ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘तरीही पुढे जा’. विशेषतः पैसे भरायच्या किंवा आधार क्रमांक टाकायच्या साइटीवर.

टाइम्ड आउट येत असेल तर पत्ता सापडला, दार वाजवलं, आतून आवाज नाही. फोनला तेच दार उघडतंय, तेव्हा मी लॅपटॉपवर आधी व्हीपीएन शोधतो, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्या गावाहून फिरवून नेणारं सॉफ्टवेअर. ‘मी व्हीपीएन वापरत नाही’ म्हणणाऱ्यांच्या ब्राउझरच्या एक्सटेन्शनमध्ये तो पुष्कळदा सापडतो, कधीतरी भाच्याने टाकलेला. आपल्याकडच्या काही सरकारी साइटी परदेशातून आलेल्या विनंतीला उत्तरच देत नाहीत. व्हीपीएनमुळे तुम्ही साताऱ्यात बसून सिंगापूरहून येता, मग दार बंदच राहणार. परदेशातल्या नातेवाइकांचे फोन येतात ‘इकडून उघडत नाही’ म्हणून, त्यामागेही बहुतेक वेळा हेच. नंतर सेटिंगमध्ये प्रॉक्सी, म्हणजे मध्ये बसणारा सर्व्हर, शोधून हाताने भरलेला प्रॉक्सी बंद आहे ना बघा, आणि फायरवॉलमध्ये त्या साइटीवर बंदी नाही ना, तेही.

पान अर्धवट येतं, पांढरंच राहतं किंवा चक्र फिरत राहतं, असं असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एन दाबून इनकॉग्निटो खिडकीत उघडा. तिथे चाललं तर जुन्या कुकीज नाहीतर जाहिरात अडवणारं एक्सटेन्शन. पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर क्लिक करून फक्त त्या साइटीचा डेटा पुसा. सगळा इतिहास उडवायची गरज नाही. नंतर साठवलेले पासवर्ड आठवत नाहीत म्हणून लोक माझ्याकडेच येतात.

आणि ५०० पासून पुढचे आकडे, ५०२, ५०३, ५०४ असं काही दिसलं तर लॅपटॉप मिटून ठेवा. सर्व्हरने उत्तर दिलंय, म्हणजे तुमचा रस्ता साफ आहे. मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत हे हमखास येतं. पहाटे पाच-सहाला भरा.

राहिली ती शक्यता जिथे फोनसुद्धा खऱ्या वायफायवर अडतो. मग लॅपटॉप निर्दोष, आणि माझा संशय एमटीयूवर, म्हणजे एका खेपेत किती मोठं पाकीट जाऊ शकतं यावर. साधं नेटवर्क १५०० बाइटचं पाकीट नेतं. युझरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या पीपीपीओई कनेक्शनला ८ बाइट वरखर्च असतो, म्हणून तिथे १४९२. राउटरमध्ये आकडा चुकीचा असला की काही साइटी मस्त चालतात आणि काही अर्ध्यावर लटकतात. काळ्या खिडकीत पिंग, वजा एफ, वजा एल, १४६४ आणि पुढे ८.८.८.८ असं प्रत्येकामध्ये एक जागा सोडून इंग्रजीत टाका. १४६४ मध्ये पाकिटावरचे २८ बाइट मिळवले की १४९२ होतात. हे पाकीट फोडावं लागेल असा निरोप आला तर आकडा दहादहाने कमी करत जा. जिथे उत्तर येईल त्यात २८ मिळवून राउटरच्या वॅन (बाहेरच्या कनेक्शनच्या) सेटिंगमध्ये एमटीयू म्हणून भरा. जमत नसेल तर केबलवाल्याला ‘एमटीयू बघ’ एवढं सांगा. ‘नेट स्लो आहे’ म्हणालात तर तो राउटर बंद-चालू करून जाईल.

विंडोजमध्ये ‘नेटवर्क रिसेट’ असंही एक बटण आहे. ते मी अगदी शेवटी दाबतो, कारण ते साठवलेले वायफायचे पासवर्ड आणि व्हीपीएनची सेटिंगं पुसून टाकतं. दाबणार असाल तर वायफायचा पासवर्ड आधी लिहून घ्या. आणि वरचं काहीही करताना एका वेळी एकच बदल करा. सगळं एकदम केलंत आणि साइट उघडली, तर कशाने उघडली ते कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा इथेच याल.

फॉर्म भरून झाला की मला चार गोष्टी कळवा: करड्या ओळीतला मजकूर, लॅपटॉपवरची तारीख वर्षासकट, एनएसलुकअप आणि पिंगने दिलेले दोन पत्ते, आणि हॉटस्पॉटवर साइट उघडली की नाही. त्यावरून पुढचं सांगता येईल. तोवर लॅपटॉप दुकानात ठेवू नका.